हबशी : मुलुखाचं नाव की शिवी?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. त्यांच्या वरच्या मजल्यावर आफ्रिकेतून शिकायला आलेली तीन मुलं भाड्याने राहतात. सासूबाईंनी शेजारणीला सहज सांगितलं, "वर हबशी आलेत राहायला." नात भडकली, "आजी, ही शिवी आहे!" सासूबाईंचं म्हणणं, शाळेत इतिहासाच्या पुस्तकात शिकलेला शब्द शिवी कसा? खरं कुणाचं? आणि जाता जाता, हबशी की हपशी?

सासूबाई चारशे वर्षांपूर्वी असत्या तर निकाल त्यांच्या बाजूने दिला असता. अरबीत 'हबश' म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपासचा मुलूख. ॲबिसिनिया हे नावही त्याच मुळाचं. म्हणजे हबशी हा मुळात कोकणी, वऱ्हाडी यांच्या पंगतीतला शब्द. तिकडचे पुष्कळ लोक आजही स्वतःला अभिमानाने 'हबेशा' म्हणवतात. याच लोकांसाठीचा दुसरा शब्द 'सिद्दी' (गुजरातीत सीदी). त्याचं तर मूळच मानाचं मानतात : अरबी 'सय्यिदी', म्हणजे 'माझे धनी'.

दख्खनेत या शब्दांना वजन होतं. मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. त्याला इकडे विकत घेणारा चंगीझखान स्वतः हबशी आणि निजामशाहीचा वजीर. पुढे अंबरच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० साली त्याने खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, १६२४ साली भातवडीला मुघलांविरुद्धच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. रंगावरून हिणवणं तेव्हा नव्हतंच असं मात्र नाही. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरला 'काळतोंड्या' म्हणतो. (फारसीतही काळं तोंड म्हणजे बेअब्रू, आपल्या 'तोंड काळं करणे'सारखंच. त्यामुळे त्यात रंग किती आणि हरल्याचा राग किती, हे वेगळं काढणं अवघड.)

पण बादशहाने चिडून हिणवणं वेगळं आणि कायद्याने जन्मावर शिक्का मारणं वेगळं. पश्चिम आशियाच्या गुलामबाजारात तुर्क, कॉकेशसकडचे सर्केशियन, हबशी सगळेच विकले जात, आणि काहींना तरी वर चढायला जिना होता. अटलांटिकपलीकडच्या वसाहतींनी तो जिनाच काढून घेतला. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला : आई गुलाम तर मूल जन्मापासून गुलाम. १६६७ साली ठरलं, बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही. तंबाखूच्या मळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणारे हात हवे होते. धर्म बदलता येतो, कातडी नाही. गरज आधी, 'ते मुळातच हलके' हे समर्थन मागाहून पक्कं होत गेलं. त्यावर शास्त्राचा शिक्का आणखी उशिरा बसला. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने आपल्या ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीत माणसांचे रंगवार गट पाडले आणि आफ्रिकी माणसाच्या नावापुढे आळस लिहून टाकला. आपल्याकडे इंग्रज अधिकारी रिस्लेसाहेब नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावत बसले. १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ लेवॉन्टिनने हिशोब मांडला, की माणसांतला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच समाजाच्या आत सापडतो. पण तोवर 'जात्याच हलके' घरोघरी पोचलं होतं.

आणि ते टिकतं बोलण्यात. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकाने 'सीदीभाईने सीदकां वहालां' ही गुजराती म्हण ऐकलेली असते. अर्थ किती गोड, ज्याची पोरं त्याला प्यारी! पण म्हण सीदीचीच का? कारण त्याची पोरं कुरूप, हे ऐकणाऱ्याने आधीच मान्य केलेलं आहे. तिथे वाद घालायला जागाच नाही. भरूच जिल्ह्यातलं रतनपूर, बावा गोरचा दर्गा, अकीक या रंगीत दगडाचा व्यवसाय, पिढ्यान्‌पिढ्या गुजराती बोलणारे सीदी, हे सगळं इथून फार लांब नाही. तरी आपल्या कानावर पहिल्यांदा पडते ती म्हण. मराठीला हसायचं कारण नाही. 'सावळी, पण नाकीडोळी नीटस' हे स्थळ सांगताना आपण किती वेळा बोललो असू! विठोबाला सावळा म्हणताना तो 'पण' कुठे जातो?

तेव्हा निकाल नातीकडे. मलिक अंबरबद्दल लिहिताना हबशी खुशाल लिहावं, तो त्या काळचा शब्द आहे. वरच्या मुलांना म्हणू नये. एक तर तो चुकीचा : नायजेरियाचा मुलगा हबशी नव्हे, जसा केरळचा माणूस मद्रासी नव्हे. दुसरं, तो आता रंग पाहून वापरला जातो, मुलूख विचारून नाही. सासूबाईंना पटवायचं असेल तर 'घाटी' शब्दाची आठवण करून द्या. शब्दशः घाटावरचा, इतकंच. मुंबईत कुणी आपल्याला म्हटलं की कसं लागतं?

राहिला उच्चार. श अघोष, त्याच्या आधीचा ब बोलताना प होतो, म्हणून कानाला हपशी ऐकू येतं आणि जुन्या लिखाणात तसं उतरलेलंही दिसतं. जंजिऱ्याच्या मुलखाला मात्र हबसाणच म्हणत. लिहिताना ब ठेवा.