कपाखाली 1962 छापलंय, म्हणजे तो 1962 चाच का?

तुम्ही दोन कपांबद्दल विचारलंय. एकाखाली ‘रॉयल अल्बर्ट, बोन चायना, इंग्लंड, ओल्ड कंट्री रोझेस’ आणि 1962. दुसऱ्याखाली कंपनीचं नावच नाही. नुसतं ‘इंग्लंड’ आणि आरडी नंबर (डिझाइनच्या नोंदणीचा क्रमांक), 3 लाख 20 हजारांच्या आसपासचा.

पहिल्याचा निकाल लगेच लागतो. 1962 हे कपाचं नव्हे, नक्षीचं साल. हॅरल्ड होल्डक्रॉफ्ट यांनी केलेली ही गुलाबांची नक्षी त्या वर्षी बाजारात आली आणि इतकी खपली की पुढे कित्येक दशकं निघतच राहिली. कॉपीराइटचं साल मात्र 1962 च. म्हणजे तुमचा कप 1962 च्या आधीचा नाही, एवढंच त्यावरून ठरतं. पुढे या मालाचं उत्पादन इंडोनेशियात गेलं आणि शिक्क्यातून ‘इंग्लंड’ गेलं. तुमच्या कपावर ते आहे, म्हणजे तो त्या स्थलांतराच्या आधीचा. विकणारा 1962 वर बोट ठेवून भाव वाढवू लागला तर ऐकून घ्या, पैसे देऊ नका.

दुसरा कप जास्त मजेचा आहे. अमेरिकेने 1890 साली मॅकिन्ले जकात कायदा केला आणि 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर भागातल्या चिनीमातीच्या कारखान्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका, त्यामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द शिक्क्यात आला. थोडे अपवाद सोडले तर तो दिसला की माल 1891 नंतरचा समजावा. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातला.

आता आरडी नंबर. ही डिझाइनच्या नोंदणीची मालिका 1884 मध्ये 1 पासून सुरू झाली. 1890 च्या सुरुवातीला ती साधारण 1 लाख 41 हजारांवर होती, 1900 च्या सुरुवातीला 3 लाख 51 हजारांवर. तुमचा आकडा 1898 मध्ये पडतो. पण इथेही तीच गोम: नोंद त्या वर्षी झाली, कप नंतरही बनलेला असू शकतो. लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (सरकारी अभिलेखागारात) या नोंदवह्या आहेत. नंबरावरून नोंदवणाऱ्याचं नाव निघतं.

1884 च्या आधीचा माल असता तर नंबराऐवजी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा शिक्का मिळाला असता. तो 1842 ते 1883 चालला. वरच्या गोलात रोमन चार म्हणजे वस्तू चिनीमातीची. सालाचं अक्षर 1867 पर्यंत वरच्या कोपऱ्यात, 1868 पासून उजवीकडे. अक्षरं ओळीने जात नाहीत, त्यामुळे तक्ता समोर ठेवल्याशिवाय वाचू नये.

काही कारखान्यांनी काम सोपं करून ठेवलंय. रॉयल वूस्टरने 1892 पासून शिक्क्याभोवती दर वर्षी एक टिंब वाढवलं. 1915 पर्यंत टिंबं 24 झाली. रॉयल डोल्टनच्या शिक्क्यातल्या सिंहाशेजारी बारीक आकडा असेल, तर त्यात 1927 मिळवा: 1 म्हणजे 1928. ही पद्धत 1940 च्या दशकापर्यंतच होती.

सिंह आणि युनिकॉर्नचं राजचिन्ह पाहून मात्र हुरळू नका. ते ढीगभर कारखाने छापत. चोर बाजारात अशा बशीला ‘गव्हर्नरच्या बंगल्यातली’ म्हणतात, त्याला आधार नसतो. तसंच ‘वेजवूड’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये (Wedgwood) ‘जी’नंतर जादा ‘ई’ असेल किंवा पुढे ‘अँड कंपनी’ असेल, तर ती प्रसिद्ध वेजवूड नव्हे.

दुसरा कप बोन चायनाचा आहे का, तेही बघा. दिव्यासमोर धरून मागे बोटं ठेवा. सावली आरपार दिसली तर शक्यता चांगली, अजिबात दिसली नाही तर ती साधी जाड चिनीमाती. (बोन चायनात निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते, म्हणून काही शाकाहारी घरांत ती चालत नाही.) तळाच्या कडेजवळ हाताने रंगवलेला छोटा आकडा दिसतो का? तो नक्षीचा नंबर असतो आणि आरडी नंबरापेक्षा वेगळा. असेल तर तिरप्या उजेडात फोटो काढून खाली टाका. कारखाना कोणता, ते त्यावरून शोधता येतं का पाहू.