पहिल्या तळ्यात औषधं कमी, मोजमाप जास्त

अरे भावा, व्हेनामी कोळंबीचं पहिलंच पीक आहे ना, मग दुकानदार देईल ती प्रत्येक बाटली तळ्यात ओतू नकोस. नवीन लोक हमखास चुकतात ते इथे, पाण्यात ब्लीचिंग पावडर मारतात आणि दुसऱ्याच दिवशी प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जिवाणू, टाकतात, ब्लीचिंगमधलं क्लोरीन शिल्लक असलं की ते जिवाणू मरतातच आणि पैसे वाया. किटने क्लोरीन तपास, शून्य आलं की मगच गूळपाण्यात भिजवलेलं प्रोबायोटिक सकाळी ऊन वर आल्यावर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवून टाक.

- चुना टाकण्याआधी पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणा) मोज, आधीच जास्त असेल तर चुना नकोच, पीएच वाढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो
- अँटिबायोटिक अजिबात नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानवर बंदी आहे, अंश सापडला तर एक्स्पोर्टचा माल परत येतो
- चेक ट्रे (खाद्य ठेवून तळ्यात बुडवलेला ट्रे) रोज उचलून बघ, खाद्य उरलंय तर कमी कर, काळा, वास मारणारा गाळ त्यातूनच होतो

मिनरलचं नंतर सांगतो, आधी एवढं जमव, जमेल तुला.