तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) जुन्या कोंबड्यांत सोडताना रात्रीपेक्षा पहाट सांभाळा

दादा, तुम्ही लिहिलंय की आठवडी बाजारातून आणलेली सात आठवड्यांची गिरिराज या सुधारित जातीची आठ पिल्लं रविवारी सरळ जुन्या सात गावठी कोंबड्यांत सोडलीत. जुन्यांतल्या तांबडीने एकीचं डोकं रक्तबंबाळ केलं, बाकीची कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलीत, दोन दिवस दाण्याला येत नाहीत. तुमच्या लिखाणाखाली कुणीतरी सल्ला दिलाय, 'आता काढा आणि रात्री अंधारात खुराड्यात सोडा, सकाळी सगळ्या एकच होतात.' तो सल्ला वाचून माझ्या पोटात गोळा आला, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तांबडी विकू नका. ती गेली की तिच्या खालची पुढे येईल आणि तेच करील. आज संध्याकाळी आठही पिल्लं बाहेर काढा, जखमी वेगळी ठेवा आणि सगळं पहिल्यापासून सुरू करा. आणि रात्रीचा तो प्रयोग खाली सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या होईपर्यंत करू नका.

मी डॉक्टर नाही. घरामागे पंचवीस-तीस पक्षी, चौदा वर्षं, कोकणातल्या पावसात, एवढाच माझा अनुभव. पाचशे पक्ष्यांची शेड असणाऱ्यांचं गणित वेगळं असेल.

2017 च्या मे महिन्यात माझ्याकडे नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. खुराडं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आतून चार फूट बाय तीन फूट, बसायला दोन आडव्या काठ्या, एकच दार. वनराजा या सुधारित जातीची सहा पिल्लं मी एक दिवसाची असताना आणून पडवीत बल्बखाली वाढवली होती. अकरा आठवड्यांच्या तलंगा झाल्या, अंगाने गावठीच्या जवळपास आल्या. मलाही तेव्हा चार जणांनी हेच सांगितलं होतं, रात्री सोड. युक्ती खोटी नाही. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, ती बसल्या जागी गप्प राहते. मी आठ वाजता एकेक तलंग छातीशी धरून आत काठीवर बसवली. एक हलकंसं 'कुर्र' झालं, बस. दार लावलं आणि समाधानाने झोपले.

आदल्या आठवड्यात मुंगसाने एक कोंबडी नेली होती. म्हणून आम्ही अंगणात माणसांची ये-जा सुरू झाल्याशिवाय दार उघडत नव्हतो. पण कोंबड्या माझ्या घड्याळावर उठत नाहीत. मे महिन्यात साडेपाचला फटफटतं, आणि फटीतून उजेडाची रेघ आली की त्या काठीवरून खाली. मी बंब पेटवत होते. खुराड्यातून आवाज येत होता, फडफड, चिऱ्यावर पंख आपटल्याचा. रोज सकाळी बाहेर पडायच्या घाईने त्या थोडा दंगा करतातच, तसंच वाटलं. तो आवाज मी ऐकला होता, दादा. ऐकून म्हशीचं दूध काढायला गेले. आठ वाजता दार उघडलं.

दोन तलंगा जमिनीवर मेलेल्या होत्या. तिसरीची मान फळी आणि चिऱ्याच्या फटीत अडकली होती. तिने लपायला डोकं घातलं असणार, आणि मागून सगळ्यांनी तिला टोचलं. ती दुपारपर्यंत गेली. चौथी, जिला पुढे आम्ही भुरी म्हणायला लागलो, तिच्या डोक्याची कातडी मागून पुढपर्यंत सोलली होती आणि दोन्ही पापण्या सुजून मिटल्या होत्या. कोंबड्याच्या पायाची नखं लाल होती. उरलेल्या दोघींना ओरखडासुद्धा नव्हता. त्या कुठे होत्या? अंडी घालायला ठेवलेल्या लाकडी खोक्यामागे वीतभर जागा होती, तिथे एकीमागे एक उभ्या होत्या.

त्या वीतभर जागेने मला जे शिकवलं ते तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. नवी कोंबडी आली की टोचणं होणारच. ते थांबवायच्या मागे लागू नका. उघड्यावर मोठीने टोच मारली की लहानी पळते. ती पळाली की मोठीचं समाधान होतं, विषय संपतो. पळायला जागाच नसेल तर मोठीच्या लेखी लहानीने हार मानलेलीच नसते, म्हणून ती मारतच राहते. त्यात एकदा रक्त दिसलं की बाकीच्याही येतात, कारण लाल ठिपक्यावर चोच मारणं हा त्यांचा स्वभावच आहे. आमचा मुलगा तेव्हा कृषी पदविकेला होता. त्याने सांगितलं की कोंबड्यांतली ही उतरंड, कोण कुणाला टोचणार आणि कोण गप्प सोसणार, नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने 1921 साली मांडली होती. आमच्या सासूबाईंना ते नाव माहीत नव्हतं, पण 'नवीला आधी डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) दाखवायची, मग सोडायची' हे त्या पहिल्यापासून सांगत होत्या. मी ऐकलं नाही.

डालग्याची पद्धत म्हणजे काय, तर दिसू द्यायचं पण चोच पोचू द्यायची नाही. आठ पक्ष्यांना डालगं पुरणार नाही. खुराड्याला लागून किंवा जिथे जुन्या दिवसभर उकरतात तिथे जाळीचा कप्पा करा. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, षटकोनी कोंबडीजाळी नको, ती मुंगूस-कुत्रा ओढून वाकवतात. वरून घारीसाठी मासेमारीचं जुनं जाळं चालतं. रात्री पिल्लं वेगळ्या बंद जागी घ्या, खुराड्यात नव्हे. जुन्यांचं दाणापाणी जाळीच्या बाहेर, नव्यांचं आत, दोन्ही जाळीलगत, म्हणजे शेजारी शेजारी खातात. पहिले चार दिवस तांबडी जाळीवर उड्या मारेल, मारू दे. ज्या दिवशी ती जाळीला पाठ करून निवांत राखेत लोळायला लागेल, त्या दिवशी निम्मं काम झालं. आमच्याकडे याला कधी दोन आठवडे लागले, कधी महिना.

पण तुमची पिल्लं बाजारातली आहेत, म्हणून त्याच्याही आधी तीन-चार आठवडे पूर्ण वेगळी, लांब, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायला हवी होती. तो काळ गेला, तरी आता ठेवा. सर्दी, घरघर, हिरवी हगवण काही दिसतं का बघा. आधी जुन्यांचं करायचं, मग नव्यांचं, आणि नव्यांकडे जाताना चपला वेगळ्या. उलटाही धोका आहे. जुन्या कोंबड्या रक्ती हगवणीचे जंतू पोटात बाळगून ठणठणीत फिरतात, त्यांची विष्ठा पडलेल्या ओल्या जमिनीवर तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं सोडली की ती अंग फुगवून बसतात आणि विष्ठेत रक्त येतं. ते दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडून पाण्यातून द्यायचं औषध आणा. खाली भाताचं तूस कोरडं ठेवा, ओलं झालं की लगेच बदला. म्हणूनच मी मृगापासून दसऱ्यापर्यंत नवे पक्षी मिसळतच नाही. पावसात सगळ्या दिवस दिवस आत बसतात, ओल वाढते, पळायला जागा नसते. दोन्ही संकटं एकदम.

लसीचं विचारणार होते, तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. विकणारा 'सगळं दिलंय' म्हणतो, त्यावर विसंबू नका. मानमोडीने (राणीखेत रोगाने) माझे एका उन्हाळ्यात अकरा पक्षी गेले आहेत, आणि इथे मला मनातलं बोलूनच टाकायचंय. आमच्या जवळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी त्या वर्षी तीन खेपा मारल्या. पहिल्यांदा 'साहेब दौऱ्यावर', दुसऱ्यांदा 'आठ-दहा पक्ष्यांसाठी बाटली फोडत नाही', तिसऱ्यांदा 'साठा संपला'. बाटली शंभर मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते, हे खरंच आहे, मला मान्य आहे. पण 'बाई, वाडीतल्या पाच घरांचे पक्षी एका सकाळी धरून ठेवा, मी येतो' हे एक वाक्य पहिल्या खेपेला सांगितलं असतं तर? ते मला पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या एका पशुधन पर्यवेक्षकांनी सांगितलं. आता आम्ही सहा घरं मिळून करतो. आदल्या रात्री सगळे पक्षी कोंडायचे, बाटली थर्मासमध्ये बर्फात आणायची, डोळ्यात थेंब, तासाभरात वाडी उरकते. तुम्हीही शेजारी गोळा करा. फक्त लस दिली त्याच आठवड्यात मिसळू नका, दोन ताण एकदम नकोत.

आता मिसळायचा दिवस. वय मोजू नका, अंग बघा. नवी जुनीच्या किमान पाऊण तरी दिसली पाहिजे. गिरिराज भराभर वाढतात म्हणून फसायला होतं, अंगाने मोठी झाली तरी स्वभावाने ती पिल्लूच असते, सव्वा किलोची गावठी तिला सहज पळवते. आठही एकदम सोडा, एकटी कधीच नाही. वेळ दुपारनंतरची, जुन्यांचं पोट भरलेलं असताना, मोकळ्या अंगणात, आणि तुम्ही तिथेच बसून. खुराड्यात किंवा कप्प्यात नाही. दाण्याची भांडी तीन-चार, एकमेकांपासून लांब, म्हणजे तांबडी सगळीकडे राखण करू शकत नाही. मुळ्याचा किंवा कोबीचा पाला सुतळीने चोचीच्या उंचीवर टांगा, तासभर त्यातच गुंततात. आणि आडोसे करा, जितके सुचतील तितके: भिंतीला तिरकी लावलेली फळी, उलटी टोपली, फांद्यांचा भारा. प्रत्येक आडोशाला दोन्हीकडून वाट हवी, नाहीतर तो सापळा होतो. माझ्या तिसऱ्या तलंगेचं तेच झालं.

सगळ्यात कामाची वस्तू मात्र लहान दार. पिल्लांच्या कप्प्याला असं भोक ठेवा की लहानी सरसर जाईल आणि मोठीची मान जाईल पण अंग नाही. फळी खालीवर सरकवता आली तर उत्तम, पिल्लं वाढतील तसं भोक वाढवता येतं. आत त्यांचं खाणं-पाणी. बाहेर मार पडला की आत पळतात, खातात, दम घेऊन परत येतात. दोन दिवसांत त्यांना ती वाट पाठ होते. आमच्याकडे हे केल्यापासून एकही तलंग गेलेली नाही.

खाण्याचं एक. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य पिल्लांना घालू नका, त्यात चुन्याचं प्रमाण फार असतं, वाढत्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. एकत्र झाल्यावर सगळ्यांनाच वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा. अंडी घालणाऱ्या आपल्या आपण खातात.

दिवसा आठ-दहा दिवस एकत्र फिरल्या, संध्याकाळी एकमेकींच्या जवळ बसायला लागल्या, की मग रात्री खुराडं. तेव्हा अंधारात सोडा, त्याला माझी ना नाही. ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. आणि पुढचे दहा दिवस फटफटायच्या आत तुम्ही दारात हवेत. गजर लावा. मुंगसाची भीती असेल तर दार उघडून तिथेच चहा घेत बसा, पण दार उघडा. घरचं कुणी उठणार नसेल तर त्या रात्री नव्यांना वेगळंच झोपवा. आत एक आडवी काठी वाढवा आणि अंड्याच्या खोक्यामागे जागा सोडा. दर पक्ष्याला काठीवर वीतभर तरी जागा हवी.

तांबडी तरीही एकाच पिल्लाच्या मागे लागली, दुसऱ्यांना खाऊ देत नाही असं झालं, तर तिला तीन-चार दिवस नजरेआड डालग्याखाली ठेवा, दाणापाणी नीट देऊन. परत येते तेव्हा तिची जागा गेलेली असते, तिला स्वतःलाच पुन्हा ओळख करून घ्यावी लागते. शिक्षा म्हणून नाही, तिला त्रास द्यायचा नाही. ती तिच्या स्वभावाने वागतेय.

जखमी पिल्लाचं आज काय करायचं ते सांगते. पोटॅशियम परमॅंगनेटचं अगदी फिकट गुलाबी पाणी करून कापसाने डोकं पुसा, वर हळद आणि खोबरेल. माशी बसू देऊ नका, उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात. जखमेच्या कडेने, जखमेत नव्हे, करंजेल लावलं की माशा लांब राहतात. कवटी दिसत असेल किंवा डोळ्याला लागलं असेल तर डॉक्टर. एकटं कोंडू नका, सोबत त्यातलंच एक गरीब पिल्लू ठेवा, आणि परत सोडताना लाल काही दिसत नाही ना बघा. मेडिकलमधलं जांभळं औषध लावलं तर रंग झाकतो. भुरीच्या पापण्या नवव्या दिवशी उघडल्या, दीड महिन्यात डोक्यावर पिसं आली. पाच वर्षं जगली, दोनदा खुडूक बसून पिल्लं काढली.

दोन दिवस न खाणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटतेय. आज वेगळं काढल्यावर ओला भरडा आणि गुळाचं पाणी ठेवा. अंधार पडल्यावर एकेकीला उचलून मानेच्या खाली छातीवर उजव्या बाजूला बोटांनी चाचपा. खाल्लेलं असेल तर लिंबाएवढी भरीव पिशवी हाताला लागते. रिकामी लागली तर त्या पिल्लाच्या पायाला दोरा बांधून ठेवा आणि किती जणींच्या पायाला दोरे बांधले ते उद्या इथे लिहा.