शुगर उतरली तर चॉकलेट दिलं तर चालतं का?

प्रश्न: वडिलांची शुगर अधूनमधून ६०च्या खाली जाते. त्यांच्या खिशात चॉकलेट ठेवू का?

चॉकलेट नको. पेढा तर नकोच नको, आणि हे आमच्या दादाने वाचावं म्हणून मुद्दाम लिहितेय.

मागे आषाढी एकादशीला आईने सकाळची गोळी घेतली आणि वर कडक उपास धरला. दुपारी वाती वळत बसली होती. बघते तर वाती वाकड्यातिकड्या, कापूस बोटांना चिकटतोय, इतका हाताला घाम. मशीनवर ५२. मी साखरेचा डबा काढला तर दादा ओरडला, "वेडी आहेस का? डायबेटिसवाल्याला साखर?" आणि देवापुढचे दोन पेढे भरवले. जणू पेढे मिठाचे असतात! खव्यातल्या तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते, चॉकलेटचंही तेच. वीस मिनिटांनी ५५. आई मला आत्याच्या नावाने हाक मारत होती. मग अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत ८४. दादाचं आजही म्हणणं, पेढाच लागू पडला, जरा उशिरा.

तर ७०च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यातून. नाहीतर अर्धा कप फळांचा रस. कोल्ड्रिंक चालेल, डाएटवालं सोडून. पंधरा मिनिटांनी परत तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर पोळी-भाजी, काहीतरी पोटभरीचं. हे आम्ही केलं नाही, उपास ना! दोन तासांनी पुन्हा ६६. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो. शेवटी भगर खाल्ली.

वडिलांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर मात्र माझी साखरही बाद. त्या गोळ्या साखरेचं विघटनच लांबवतात, तिथे ग्लुकोज पावडरच लागते. खिशात तिचीच पुडी ठेवा. आणि सारखी उतरत असेल तर डोस जास्त होतोय का, हे डॉक्टरांना विचारा, खाऊ शोधत बसू नका.

हो, शुद्ध हरपली किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ठसका लागून श्वास अडकतो. सरळ १०८ला फोन. देवाचा प्रसाद असला तरी नाही, दादा.