आधी घरातल्यांचे हात

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

चोपड्याकडच्या गावांचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार बरं वाटलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या आणि अजून न बोलणाऱ्या त्या सात वर्षांच्या मुलाला हाताच्या कोणत्या खुणा आधी शिकवू, असं तू विचारलंस. त्याला इतक्यात एकही शिकवू नकोस. आधी त्याच्या आईला शिकव, आजीला शिकव, आणि दिवसभर त्याच्या मागेपुढे असणाऱ्या चुलत भावाला तर नक्कीच. कोणतंही मूल बोलायच्या आधी कितीतरी महिने नुसतं ऐकत असतं. खुणाही तशाच आधी डोळ्यांवरून जाव्या लागतात. तू आठवड्यातून एकदा जाणार, तासभर बसणार, आणि पुढचे सहा दिवस त्याच्यासमोर कुणाचाच हात हलणार नाही. मग त्याने खुणा करायच्या तरी कुणाशी?

पद्धत सोपी आहे. वाक्य तोंडाने पूर्ण बोलायचं आणि त्यातल्या नेमक्या एक-दोन शब्दांनाच खूण करायची. ‘चल, जेवायला बस’ म्हणताना पाचही बोटांची टोकं जुळवून ओठांपाशी न्यायची, बस्स. तोंड बंद ठेवून नुसते हात हलवायचे नाहीत. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, आणि तो बघतोय याची खात्री झाल्यावरच हात उचलायचा. त्याचा पंजा नीट जुळणार नाही, अख्खा तळवा तोंडावर आपटेल. ते ‘जेवण’च आहे. लगेच ताट पुढे करायचं. बोटं सुधारत बसायचं नाही.

आणि घरात जी बोली आहे तीच चालू दे. आजी ‘तुले पानी जोयजे का?’ असंच विचारणार, शाळेतल्या बाई ‘पाणी हवं का?’ म्हणणार, आणि वर सातपुड्याच्या पाड्यावर गेलीस तर घरात पावरी बोली ऐकशील. पाण्याची खूण तिन्हीकडे एकच ठेवता येते, हा आपल्या भागात खुणांचा केवढा मोठा फायदा आहे! ‘मुलाशी शुद्ध मराठीतच बोला’ असं सांगून आजीला गप्प करणारे लोक मी पाहिले आहेत. त्या मुलाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच ते बंद करून टाकतात. तू तसं कधी करू नकोस.

खुणा मनाने रचू नकोस. इंग्लंडमध्ये मार्गारेट वॉकर या वाचातज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात बोलता बोलता खुणा करायची मॅकॅटन ही पद्धत उभी केली, तेव्हा खुणा तिथल्या कर्णबधिर समाजाच्या भाषेतूनच घेतल्या. आपण भारतीय सांकेतिक भाषेतून घ्यायच्या. दिल्लीला २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने शब्दकोश केला आहे. २०१८ साली त्यात तीन हजार शब्द होते, २०२१पर्यंत दहा हजार झाले. व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, घरच्यांच्या मोबाइलवर दाखवता येतात. मुलाने स्वतःची एखादी खूण आधीच काढली असेल, तर ती मात्र मोडू नकोस. वहीत लिहून ठेव आणि सगळ्यांना सांग.

एक फरक पक्का लक्षात ठेव. मूल कर्णबधिर असेल तर या दोन-चार खुणांवर त्याचं भागणार नाही. त्याला सांकेतिक भाषा पूर्ण हवी, तिच्या स्वतःच्या व्याकरणासह, आणि ती बोलणारी कर्णबधिर मोठी माणसंही आजूबाजूला हवीत. म्हणून श्रवण तपासणी आधी. डाऊन सिंड्रोमच्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठून ऐकू कमी येणं हे फार आढळतं, आणि सगळे ‘हट्टी आहे, ऐकतच नाही’ म्हणत राहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या ठिकाणी पाठव.

शब्द कोणते घ्यायचे? तक्त्यावरचे सफरचंद आणि विमान नकोत. त्याला ज्यासाठी तडफड होते ते घे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाला झोका बांधला जाईल. त्याला झोक्यावर बसव, दोन-चार हेलकावे दे, मग झोका धरून थांब. ‘अजून?’ म्हण, खूण कर, आणि वाट बघ. मनात सावकाश दहापर्यंत मोज. हे सगळ्यात अवघड आहे, कारण बाजूला उभी असलेली बहीण ‘दे ना गं, त्याला हवाय’ म्हणणार. तिला नजरेने थांबव. त्याचा हात जरासा जरी हलला, तरी झोका सोड. असं पंधरा-वीसदा झालं की त्याला कळतं, आपल्या हाताने झोका हलतो. हे एकदा कळलं की पुढचे शब्द मागायला तोच येतो. त्याचे हात धरून जबरदस्तीने खुणा करून घेऊ नकोस. हात हेच त्याचं तोंड आहे.

‘अजून’च्या बरोबरीने ‘नको’, ‘पुरे’ आणि ‘दुखतंय’ शिकव. यावर मी हटून बसेन. आपण या मुलांना मागायला शिकवतो, नाकारायला शिकवत नाही. कुणी अंगाला हात लावला, पोट दुखलं, कानात ठणका लागला, तर सांगणार कसं? आणि त्याने ‘नको’ केलं, तर तो घास खरोखर बाजूला ठेवायचा. एकदा जरी ती खूण करूनही तोंडात भाकर कोंबली गेली, तरी ती खूण त्याच्या लेखी फुकट जाते.

‘खुणांची सवय लागली तर बोलणारच नाही’ असं वडील म्हणतील. त्यांची भीती खरी आहे, तिला उडवून लावू नकोस. चहा घेत घेत सांग, की २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात खुणांनी किंवा चित्रं दाखवून सांगायला शिकवल्याच्या २३ अभ्यासांची छाननी झाली, आणि ज्यांची नोंद भक्कम होती त्यातल्या एकाही व्यक्तीचं बोलणं खुणांमुळे किंवा चित्रांमुळे घटलेलं दिसलं नाही. बहुतेकांचं थोडं वाढलं. ‘थोडं’ हा शब्द गाळू नकोस. तो बोलेलच असं वचन देऊ नकोस. तो आज काय सांगू शकतो ते त्यांना दाखव.

शेजारच्या गावातल्या त्या बावीस वर्षांच्या मुलीचंही लिहिलं आहेस. तिचं वय निघून गेलंय असं तिच्या घरच्यांना कुणी सांगितलं असेल, तर ते चूक आहे. तिच्याकडेही हेच सगळं, फक्त झोक्याऐवजी तिला आवडणारं काम घे.

पुढच्या खेपेला मुलाला नाही, त्याच्या आजीला तासभर दे. तपासणीचे कागद आले की त्यांचा फोटो पाठव, बघून सांगते.

तुझी,
बाई