दात दुखतोय की गाल? ब्रेसेसबद्दल वाचकांचे प्रश्न

ब्रेसेसच्या दुखण्यावर गोळीशिवाय काय करता येईल, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. उपाय करण्याआधी एक गोष्ट तपासा : दुखतंय ते दाताच्या मुळाशी, की गाल-ओठ-जिभेला? या दोन वेगळ्या वेदना आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

प्रश्न : माझ्या १३ वर्षांच्या मुलीला ब्रेसेस लावल्या. क्लिनिकमधून निघताना काहीच त्रास नव्हता, रात्री मात्र तिला दातावर दात टेकवता येईना. वायर जास्त घट्ट झाली असेल का? दर वेळी गोळी द्यायची नाही, तर काय करावं?

रात्री दुखायला लागलं म्हणजे वायर चुकली असं नाही, या दुखण्याचा क्रमच तसा आहे. वायर बसवल्यावर काही तासांनी ते सुरू होतं, २४ तासांच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि ५ ते ७ दिवसांत ओसरतं. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं. वायर दात ढकलते तेव्हा एका बाजूचं अस्तर चेपतं, तिथलं रक्त खेळणं कमी होतं आणि सूज येते. चावताना नेमका त्याच जागेवर दाब पडतो. म्हणून स्वस्थ बसलं की बरं वाटतं आणि मऊ घासालाही कळ येते.

पहिला उपाय गारव्याचा. बर्फ पातळ कापडात गुंडाळून बाहेरून गालावर १० मिनिटं धरा, तेवढाच वेळ थांबा, मग पुन्हा धरा. बर्फ थेट कातडीला लावू नका. गार पाण्याचा घोट अर्धा मिनिट तोंडात धरला तरी आराम पडतो आणि त्याला आणखी एक कारण आहे. सुरुवातीला बहुधा निकेल-टायटॅनियमची बारीक वायर घालतात. तिच्या काही प्रकारांना तोंडाच्या उबेने जोर येतो आणि गार झाल्या की त्या तेवढ्यापुरत्या सैलावतात. त्यामुळे पहिले दोन दिवस खूप गरम पेयं टाळलेली बरी. बर्फ चघळू मात्र नका, ब्रॅकेट (दातांवर चिकटवलेले, वायर धरून ठेवणारे छोटे तुकडे) निघतात.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो : चावणं. साखर नसलेलं च्युइंगगम किंवा ऑर्थोडॉन्टिस्टकडे (ब्रेसेस लावणाऱ्या दंततज्ज्ञाकडे) मिळणारी मऊ चावपट्टी ५ ते १० मिनिटं हळूहळू चावायची, दिवसातून तीन-चार वेळा. चावताना दात किंचित दबतो आणि सुटतो. त्यामुळे चेपलेल्या जागी रक्त पुन्हा खेळतं, असं मानलं जातं. दुखणं भरात येईपर्यंत थांबू नका, पहिल्या संध्याकाळीच सुरू करा. आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, कारण काही जण गम नको म्हणतात. साखरेचं गम तर नकोच. ते ब्रॅकेटभोवती चिकटून दात किडवतं.

पहिले तीन दिवस जेवणाची कसोटी सोपी ठेवा : जिभेने टाळूवर दाबून चिरडता येईल तेवढंच मऊ. पुढच्या दातांनी तोडून खाणं नंतरही नको, घास बारीक कापून दाढांकडे द्या. हे सगळं करूनही मुलीला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना विचारून त्या रात्री गोळी द्यायला हरकत नाही. मुलांना उगाच सोसायला लावू नये.

प्रश्न : दात फारसे दुखत नाहीत, पण गाल आतून सोलवटलाय. ब्रेसेसच्या टोचणाऱ्या भागावर लावायला मेण दिलंय, ते अर्ध्या तासात सुटून येतं.

मेण सुटतं ते बहुतेक वेळा ब्रॅकेट ओला असतो म्हणून. आधी दात घासा, हात धुवा आणि आरशासमोर उभे राहा. एका हाताने गाल बाजूला ओढून धरा, दुसऱ्या हाताने टिश्यूच्या टोकाने तो एकच ब्रॅकेट टिपून कोरडा करा. वाटाण्याएवढं मेण बोटांत फिरवून मऊ करा, ब्रॅकेटवर ठेवून दाबा आणि कडा वायरच्या वर-खाली चेपून बसवा. वरून बोट फिरवलं तर गुळगुळीत उंचवटा लागला पाहिजे, धातूची कड लागता कामा नये. मेणाचा गोळा फार लहान घेतला तर कड पुन्हा वर येते. खाण्यापूर्वी मेण काढा, नंतर नवीन लावा. चुकून थोडं गिळलं गेलं तरी अपाय नाही.

सोलवटल्या जागेसाठी एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ३० सेकंद खुळखुळवा आणि थुंका, दिवसातून तीन-चार वेळा. याने दाताचा ठणका कमी होत नाही, जखम तेवढी शांत होते. वारंवार तोंड येत असेल तर सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) नसलेली टूथपेस्ट वापरून पाहा.

प्रश्न : वायरचं टोक शेवटच्या दाढेमागे टोचतं. घरीच कापू का?

कापू नका. तुकडा घशात जाऊ शकतो, आणि कापलेलं टोक आधीपेक्षा धारदार होतं. टोक लवचीक असेल तर ओल्या कापसाच्या काडीने हलकेच दाताकडे वळवून पाहा. वळलं नाही तर जोर न करता त्यावर मेण लावा आणि क्लिनिकला कळवा. दाटीतले दात सरळ होऊ लागले की उरलेली वायर मागे सरकते, म्हणून हे होतं. काम दोन मिनिटांचं असतं, पुढच्या तारखेपर्यंत सोसत बसायची गरज नाही.

प्रश्न : लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावा का?

नको. दुखणं मुळाभोवतीच्या अस्तरात आहे, तिथवर ते तेल पोचत नाही. उलट नुसतं तेल हिरडीला भाजतं.

प्रश्न : ब्रेसेसना ताण देणारे छोटे रबर लावले की दात दुखतात, म्हणून मी ते एक दिवसाआड लावतो. चालेल?

त्यानेच दुखणं लांबतंय. रबर सलग लावले तर दात काही दिवसांत त्या ताणाला सरावतात. मध्ये सोडले की दर वेळी पहिल्या दिवसापासून सुरुवात. डॉक्टरांनी सांगितले तेवढे तास लावा, आणि दुप्पट किंवा जास्त ताणाचे रबर स्वतःहून लावू नका.

प्रश्न : दात हलतोय. काळजी करावी का?

थोडा हलणं अपेक्षित आहे, हाडात जागा बदलताना दात तेवढा सैल होतो. एकच दात ठणठणत असेल, गरम पाण्याची कळ बराच वेळ टिकत असेल, हिरडी किंवा गाल सुजला असेल, ताप असेल, किंवा आठवड्यानंतर दुखणं उतरण्याऐवजी वाढत असेल, तर बर्फ-मेणात दिवस न घालवता लगेच दाखवा. फोन करताना कोणता दात, कधीपासून आणि कशाने वाढतं, हे तिन्ही सांगा. वायर सरकली असेल किंवा ब्रॅकेट सुटला असेल तर त्याचा फोटो पाठवा. निघालेला ब्रॅकेट जपून सोबत न्या.