पाण्यातले देव

चि. सई हिला अनेक आशीर्वाद.

तुझी जीसीएसई, म्हणजे इंग्लंडातली आपल्या दहावीसारखी परीक्षा, सुरू झाल्यापासून आपण देव पाण्यात ठेवले आहेत, असे आजीने डोंबिवलीहून फोनवर सांगितले आणि फोन ठेवताच तू मला विचारलेस, "बाबा, देव ऑम्निपोटंट असेल तर त्याला पातेल्यात बुडवून कोणी ब्लॅकमेल कसे करेल? आणि नसेल, तर मग बुडवायचेच कशाला?" तुझ्या रिलिजस स्टडीजच्या पेपरात या प्रश्नाला उत्तम गुण मिळाले असते. मला तो जरा लागला, कारण ते पातेले मी जवळून पाहिलेले आहे. तोंडी बोललो असतो तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितो आहे.

तुझा तो ऑम्निपोटंट, म्हणजे सर्वशक्तिमान, हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला, आणि चर्चमध्ये म्हणतात त्या श्रद्धेच्या घोषणेत, लॅटिनमध्ये, देवपित्याचे पहिले विशेषण तेच असल्यामुळे त्याला एवढे वजन आहे. तरीही १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तो एकदाच येतो, अगदी शेवटच्या पुस्तकात. इतरत्र 'ऑलमायटी' म्हणून भागवले आहे. डिसेंबरात शाळेच्या गायनवृंदात तुम्ही हँडेलचा जो 'हॅलेलुया' कोरस म्हटलात, त्यातली ओळ तिथलीच. सर्वशक्तिमान म्हणजे नेमके काय, यावर थॉमस अ‍ॅक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानेही पुष्कळ डोके चालवले आणि जे मुळातच परस्परविरोधी आहे ते देवाने केले नाही म्हणून त्याची शक्ती उणी ठरत नाही, असे म्हटले. आजच्या वर्तमानपत्रांत मात्र हे विशेषण बहुधा एखाद्या मंत्र्याला किंवा उद्योगपतीला लावलेले दिसते, आणि तेही तो पडायच्या बेतात असताना. आपल्याकडे 'कर्तुमकर्तुम् सत्ता' म्हणतात त्याचीही तीच गत आहे: मी ते शब्द लहानपणी आबांच्या तोंडून ऐकले ते देवाबद्दल नव्हे, तर गिरणीच्या मॅनेजरबद्दल.

ही गिरणी आमच्या लालबागच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला आणि त्याच आठवड्यात तुझ्या आजीने देव्हाऱ्यातले बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक एका स्टीलच्या पातेल्यात ठेवून वर पाणी ओतले. संप मिटेपर्यंत देव पाण्यात राहतील, असे तिने त्यांनाच उद्देशून, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. पातेले मोरीच्या वरच्या फळीवर असे. रोज सकाळी नळ आला की ती ते पाणी डालड्याच्या डब्यातल्या तुळशीला घाली, ताजे पाणी भरी आणि फूल वाहायला हात आत घालताना काहीतरी पुटपुटे. ती प्रार्थना नसे. उधारी किती झाली, कोणाची बायको-मुले गावी गेली, धाकट्याचा ताप उतरला की नाही, असा तो हिशेब असे; आपल्या घरात राहून आपल्याच अन्नाचा नैवेद्य घेणाऱ्यांना घरची परिस्थिती ठाऊक असली पाहिजे, असा त्यामागचा सरळ विचार होता.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आम्हाला त्याच दिवसांत अनेकदा सांगितली गेली. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली, बिदरहून त्यांना पकडायला माणसे आली, आणि विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून त्याने रीतसर पावती घेतली. तुझ्या वर्गात ही गोष्ट सांगितलीस तर कोणीतरी विचारील की एवढा समर्थ होता तर त्याने पाऊस का पाडला नाही, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. आम्हा मुलांना मात्र ती पावतीच आवडायची. आमच्या वाण्याच्या दुकानात कोणी विठू कधी आला नाही. आजीच रात्री पापड लाटून आणि दिवसा लोकांचे ब्लाउज शिवून त्याची वही फेडत राहिली.

पाणी सारखे बदलूनही बाळकृष्णाच्या पायाशी हिरवट राप चढला आणि टाक काळवंडले. मग आश्विन आला. आपल्याकडे नवरात्रात टाक विड्याच्या पानावर मांडून देव घटी बसवतात, आणि पाण्यातले देव घटी कसे बसणार? घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आजीने पातेले खाली उतरवले आणि चिंच लावून एकेक देव घासायला घेतला. शेजारच्या काकूंनी दारातून विचारले, "मिटला का गं संप?" आजी मान वर न करता म्हणाली, "संप कुठला मिटतोय? पण यांना घटी बसायचंय ना." तो संप आजतागायत कोणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. आबांची नोकरी गेली ती गेलीच.

देव हरला, देव खोटा निघाला किंवा देवाची काही गूढ योजना असावी, यांपैकी काहीच तेव्हा आजी म्हणाली नाही. तुझ्या पुस्तकातला पेच, म्हणजे देव सर्वशक्तिमान आहे, दयाळूही आहे आणि तरी दुःख आहे, तिला मी एकदा मोठेपणी समजावून सांगितला, तेव्हा तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि मी जेवलो का ते विचारले. तिचे देव सर्वशक्तिमान असण्यापेक्षा घरातले आहेत, त्यांच्यावर रुसता येते, त्यांना अडवून धरता येते, आणि त्यांनी काम केले नाही तरी सणाला त्यांना पाटावर बसवावेच लागते. याला तू ब्लॅकमेल म्हणालीस ते अगदीच चूक नाही. नवसातही थोडी तीच जात आहे, आणि ती मलाही पूर्ण पटत नाही. कधी कधी वाटते, तिने देवांशी इतके भांडण केले नसते तर तो राग तिने कोणा माणसावर तरी काढला असता, आणि त्यातून कदाचित काही हाती लागले असते. पण मोर्चाला ती जातच होती. त्यामुळे हा माझा तर्क फार टिकत नाही.

मी स्वतः देव कधी पाण्यात ठेवले नाहीत. तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या सकाळी मात्र मी बर्मिंगहॅमच्या या स्वयंपाकघरात कपाटातले योग्य मापाचे भांडे शोधले होते, एवढे तुला सांगून ठेवतो. तू हे पुढे चालवावेस असे माझे काही म्हणणे नाही आणि देव्हाऱ्याला हात लावायचा की नाही, हे तुझे तू ठरव.

ऑगस्टमध्ये निकाल लागला की देव बाहेर काढ, असे आजीला तूच फोन करून सांगायचे आहेस. कारण या बाबतीत ती माझे ऐकत नाही. नाही केलास तरी मी रागावणार नाही. ती नवरात्रापर्यंत वाट पाहील.

तुझा,
बाबा